गंभीर आजारी मुलांसोबत कलेचे उपक्रम कसे घ्यावेत: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मुलांच्या कर्करोग वॉर्डात मी पहिल्यांदा चित्रकलेचे साहित्य घेऊन गेले, तेव्हा माझ्या पिशवीत चमकी, पिसे, वाळलेली फुले, मातीचा गोळा, फुगे आणि टोकदार कात्री असे सगळे होते. परिचारिकेने दाराशीच पिशवी उघडायला सांगितली, एकेक वस्तू बाजूला काढली आणि शेवटी खडूंची एक नवी पेटी व कागद एवढेच आत नेऊ दिले. त्या दिवशी मला वाईट वाटले होते. पुढे वर्षभरात त्या प्रत्येक वस्तूमागचे कारण कळत गेले आणि हे आधीच कोणी समजावून सांगितले असते, तर मुलांचा आणि माझा किती वेळ वाचला असता, असे वाटत राहिले. म्हणून हा लेख लिहीत आहे.

साहित्याच्याही आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दीर्घ आजारात मुलाला जवळजवळ कशालाच नकार देता येत नाही. सुई टोचून घ्यावी लागते, औषध गिळावे लागते, झोपेतून उठून रक्त द्यावे लागते. अशा दिवसात तुमचा कागद ही एकच जागा अशी असू शकते, जिथे काय करायचे, किती करायचे आणि करायचे की नाही हे मूल ठरवते. पुढची प्रत्येक पायरी मुलाचा हा अधिकार सांभाळण्यासाठी आहे; सुंदर चित्र तयार होणे ही त्यानंतरची गोष्ट आहे.

पायरी १: आपली भूमिका आधी नक्की करा

'आर्ट थेरपी' ही संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये वापरात आणली. क्षयरोगाच्या उपचारांसाठी आरोग्यधामात राहत असताना चित्रे काढल्याने स्वतःला किती आधार मिळाला, हे त्यांनी अनुभवले होते. आज कलोपचार हा रीतसर प्रशिक्षण घेऊन करायचा स्वतंत्र व्यवसाय आहे. तुम्ही ते प्रशिक्षण घेतलेले नसेल, तर तुम्ही कलेचा उपक्रम घेत आहात, उपचार करत नाही. आणि मुलाच्या चित्रावरून त्याच्या मनाचे निदान करणे हे तुमचे काम नाही.

हा फरक मला एका प्रसंगाने शिकवला. आठ वर्षांच्या एका मुलाने अख्खे पान काळ्या रंगाने भरले. माझ्यासोबतच्या स्वयंसेविकेने त्याच्या आईला सांगितले, की मुलाच्या मनात फार मोठी भीती दडलेली दिसते. आईने ती रात्र रडून काढली. दुसऱ्या दिवशी मी त्याच खाटेशी बसले, तेव्हा लक्षात आले की ट्रे थोडा कललेला होता आणि बाकीचे सगळे खडू घरंगळून सलाईन लावलेल्या हाताच्या बाजूला गेले होते. त्याचा मोकळा हात फक्त काळ्या खडूपर्यंत पोहोचत होता. तेव्हापासून ट्रेखाली घडी केलेला टॉवेल ठेवून तो समपातळीत आणणे हे माझे पहिले काम असते. चित्राबद्दल खरोखरच काळजी वाटली, तर ती पालकांना न सांगता वॉर्डातल्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना सांगावी.

पायरी २: परवानगी आणि कागदपत्रे

रुग्णालयानुसार यादी थोडी बदलते, पण पुढील कागद तयार असतील तर खेपा वाचतात:

– छायाचित्रासह ओळखपत्र आणि चारित्र्य पडताळणीचा दाखला
– लसीकरणाची नोंद, विशेषतः गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि फ्लू
– मागितल्यास क्षयरोगाच्या तपासणीचा अहवाल
– गोपनीयतेच्या करारावर सही
– प्रत्येक मुलासाठी पालकांचे लेखी संमतिपत्र
– उपक्रमाचा एक पानी आराखडा, त्यात वापरायच्या प्रत्येक साहित्याच्या नावासह

लसीकरणाची अट औपचारिकता समजू नका. प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलाला कांजिण्या जिवावर बेतू शकतात आणि कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू लागतो. घरात कोणालाही कांजिण्या झाल्या असतील, तर वॉर्डातून होकार मिळेपर्यंत जाऊ नका; तुम्हाला साधी सर्दी असेल, तरी त्या दिवशी जाऊ नका आणि न येण्याचे कारण वॉर्डात स्पष्ट कळवा.

फोटोची संमती उपक्रमाच्या संमतीपेक्षा वेगळी असते, हे अनेकजण विसरतात. पालकांनी होकार दिला, तरी मुलालाही विचारावे. केस गेलेले, औषधांनी चेहरा सुजलेला असताना काढलेला फोटो पुढे सगळीकडे फिरलेला त्याला आवडेलच असे नाही.

व्यवस्थापनातले कोणी विचारतात, की एवढ्या गंभीर वॉर्डात चित्रांचे काय काम? त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ दाखवावे. खेळणे, विश्रांती घेणे आणि कला व सांस्कृतिक जीवनात सहभागी होणे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, असे ते सांगते. आजारी मुलाला त्यातून वगळलेले नाही.

पायरी ३: खाटेशी जाण्याआधी परिचारिकेला विचारा

प्रत्येक भेटीआधीची ही पाच मिनिटे सर्वांत मोलाची असतात. मागच्या आठवड्याची माहिती या आठवड्यात चालत नाही.

पहिला प्रश्न रक्ताच्या अहवालाचा. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या असतील, तर संसर्गाचा धोका खूप वाढलेला असतो. अशा वेळी फक्त नवे, न उघडलेले साहित्य न्यावे किंवा भेट पुढे ढकलावी. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी असतील, तर छोट्याशा जखमेतूनही रक्त थांबत नाही. कात्री, सुई, स्टेपलर त्या दिवशी बंद.

दुसरा प्रश्न हातांचा. मूल कोणत्या हाताने लिहिते आणि सुई कोणत्या हाताला आहे? पुढची सुई लावताना शक्य असेल तर लिहिता हात मोकळा ठेवावा, अशी विनंती परिचारिकेला जरूर करा. बहुतेक जणी ती मनापासून पाळतात. फक्त त्यांना कोणी आठवण करून द्यावी लागते.

तिसरा प्रश्न औषधांच्या परिणामांचा. व्हिनक्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधामुळे बोटांतली ताकद आणि स्पर्शाची जाणीव कमी होऊ शकते. कालपर्यंत बारीक पेन्सिल धरणारे मूल आज ती धरू शकत नाही आणि स्वतःवरच चिडते. त्याला 'नीट धर' असे म्हणण्याऐवजी खडूला स्पंजची जाड गुंडाळी करून द्या. सिस्प्लाटिन या कर्करोगावरच्याच दुसऱ्या औषधामुळे उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होऊ शकतात. अशा मुलाला घुंगरांची नाजूक किणकिण कळणार नाही, ढोलकीची थाप मात्र तळहाताला जाणवेल. स्टेरॉइडच्या काळात चेहरा गोल होतो आणि मूड क्षणात पालटतो, म्हणून आरशात पाहून स्वतःचे चित्र काढण्याचा उपक्रम त्या दिवसांत आपणहून सुचवू नये.

मूल उपाशीपोटी ठेवलेले आहे का, हेही विचारा. शस्त्रक्रियेची वाट पाहत सकाळपासून उपाशी असलेल्या मुलासमोर फळांच्या वासाचे स्केचपेन काढण्याची चूक मी केलेली आहे.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: मुलाला आजाराबद्दल काय सांगितले आहे आणि कोणत्या शब्दांत? काही घरांत आजाराचे नाव उच्चारले जाते, काही घरांत 'रक्तातले किडे' किंवा 'पोटातली गाठ' असे म्हटले जाते. तुमच्या तोंडी तेच शब्द यायला हवेत. सगळे सांगावे की नाही, हा निर्णय कुटुंबाचा आणि डॉक्टरांचा असतो.

पायरी ४: साहित्य निवडणे

माझी पिशवी त्या दिवशी का रिकामी झाली, ते आता सांगते. चमकीचे कण ड्रेसिंगखाली आणि डोळ्यांत जातात आणि पुसून निघत नाहीत. माती, वाळलेली फुले आणि गवत यांत ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणूस ते रोज श्वासातून घेतो, पण प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलाच्या फुप्फुसात ते गंभीर संसर्ग घडवू शकतात. पिसे धुऊन निर्जंतुक करता येत नाहीत. फुगे बहुधा लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे, असतात आणि वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या मुलांमध्ये, विशेषतः जन्मतः मणक्याचा दोष असलेल्यांमध्ये, लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते. शिवाय फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो.

त्याऐवजी हे घ्या:

– प्रत्येक मुलासाठी वेगळी, नावाची चिठ्ठी लावलेली, पुसता येणारी प्लास्टिकची पेटी
– जाड खडू, पाण्याने धुतले जाणारे स्केचपेन, बिनवासाचे रंग
– कडक पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा क्लिपबोर्ड
– कागद न फाटता निघणारी चिकटपट्टी
– बोथट टोकाची कात्री
– सीलबंद पाकिटातला कृत्रिम क्ले, एका मुलाला एकच पाकीट
– टॉवेल, पुसण्यासाठी ओले वाइप्स, कचऱ्यासाठी पिशवी

तीन वर्षांखालच्या मुलांच्या वॉर्डात मणी, बटणे असे काहीही गिळण्याजोगे नेऊ नये. ऑक्सिजन चालू असेल तिथे मेणबत्ती, गरम गोंदाची बंदूक किंवा स्पिरिटचे रंग यांना जागा नाही. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना थंडीने वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून त्यांच्यासाठी ब्रश बुडवायचे पाणी कोमट असावे. क्ले त्यांच्या हातात देण्याआधी स्वतःच्या हातात मळून ऊबदार करावा. मी हे इतक्यांदा केले आहे की आता सवयच झाली आहे.

हात पाणी आणि साबणाने धुवा. सॅनिटायझर सोयीचा आहे, पण जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे बीजाणू त्याने मरत नाहीत.

पायरी ५: दिवस आणि वेळ

केमो चालू असताना मुलाचा आवडता उपक्रम नेऊ नका. १९७८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इलीन बर्नस्टाइन यांनी दाखवून दिले, की केमोआधी एका वेगळ्या चवीचे आइस्क्रीम खाल्लेली मुले नंतर ते आइस्क्रीम टाळू लागतात. मळमळ औषधाने झालेली असली, तरी मनात ती चवीशी जोडली जाते. हा अभ्यास चवीचा होता, पण वासाचीही तशीच सांगड बसू शकते. एका मुलीला रंगाच्या वासानेच उमासे येऊ लागल्याचे मी पाहिले आहे, आणि ते रंग ती आधी उशाशी घेऊन झोपत असे. त्या दिवशी गोष्ट ऐकणे, गाणे, किंवा केवळ सोबत बसणे पुरे.

भेट वीस मिनिटांची धरा. मूल पाच मिनिटांत थकले, तर पाच मिनिटांची भेट पूर्ण झाली असे समजावे.

पायरी ६: पहिली पाच मिनिटे

पडद्याआडूनच नाव सांगा आणि आत येऊ का, असे विचारा. उभे राहून बोलू नका. खुर्ची ओढून मुलाच्या नजरेच्या पातळीवर बसा, खाटेवर मात्र बसू नका. 'आज आपण फुलपाखरू करू या' असे जाहीर करण्याऐवजी दोन गोष्टी समोर ठेवा: 'हे जाड खडू आहेत आणि हा क्ले आहे. यातले काही हवे, की आज काहीच नको?' तिसरा पर्याय मनापासून द्यायचा आहे.

अकरा वर्षांचा एक मुलगा सलग तीन आठवडे मला 'नको' म्हणाला. मी दर वेळी 'बरं, पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारेन' एवढेच बोलून पुढच्या खाटेकडे गेले. चौथ्या मंगळवारी मी आत शिरण्याआधीच त्याने ट्रेवरचा पाण्याचा तांब्या, औषधांची वाटी आणि थर्मामीटर एका हाताने हळूहळू एका कडेला सरकवले आणि कागदापुरती जागा केली. तोंडाने काही बोलला नाही.

चित्र तयार होत असताना 'हे काय आहे?' असे विचारू नये. मुलाला ते काहीतरी असायलाच हवे, असे वाटू लागते. 'याबद्दल सांगशील का?' असे विचारावे. 'किती छान!' हा शेराही मी आता टाळते. त्याऐवजी जे दिसते ते बोलते: 'ही निळी रेघ तू अगदी कडेपर्यंत नेलीस.' त्याने मुलाला आपले काम कोणीतरी खरोखर पाहिले, हे कळते.

पायरी ७: शरीर जे करू देते, त्यातून उपक्रम

उठून बसता न येणाऱ्या मुलासाठी कागद वर आणावा लागतो. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांना १९२५ च्या बस अपघातानंतर महिनोन्महिने पाठीवर पडून राहावे लागले, तेव्हा आईने त्यांच्यासाठी झोपून वापरता येईल असा चित्रफलक बनवून घेतला होता. खाटेच्या आडव्या टेबलाला तिरका पुठ्ठा चिकटवून तसाच फलक दहा मिनिटांत करता येतो.

डायलिसिसचे सत्र साधारण चार तास चालते आणि सुया हाताला लावलेल्या असतील, तर तो हात हलवायचा नसतो. एका हाताने काम करायचे तर कागद सरकतो, हीच मुख्य अडचण असते. चारही कोपरे चिकटपट्टीने ट्रेला लावा, रंगांची झाकणे आधीच उघडून ठेवा. कापून चिकटवण्याचे काम असेल, तर तुकडे घरूनच फाडून न्या, म्हणजे मुलाला फक्त मांडणी करायची राहते.

हात अजिबात चालत नसतील, तर तुम्ही मुलाचे हात व्हा. फ्रेंच चित्रकार ऑन्री मातीस यांच्यावर १९४१ मध्ये पोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या काळात खाटेवरून आणि चाकाच्या खुर्चीवरून काम करताना ते रंगवलेले कागद स्वतः कापत आणि ते तुकडे भिंतीवर कुठे लावायचे हे सहायकांना सांगत. तरीही ती चित्रे मातीस यांचीच आहेत. मूल डोळ्यांनी किंवा बोटाने दाखवेल तिथेच रंग लावा, आणि तुम्हाला खटकले तरी 'इथे हिरवा बरा दिसेल' असे म्हणू नका. ही शिस्त वाटते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना एका टेबलाशी एकत्र बसवू नये. त्यांच्यात फुप्फुसाचे जंतू एकमेकांकडे जातात, म्हणून किमान दोन मीटर अंतर ठेवावे लागते. त्यांच्यासाठी, तसेच आयसोलेशनमधल्या, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी वेगळ्या खोलीत ठेवलेल्या, मुलांसाठी, काचेचा उपक्रम करता येतो: मूल आतून काचेवर पुसता येणाऱ्या पेनाने रेघ काढते, तुम्ही बाहेरून ती पुढे नेता.

उपचारांची आठवण साठवण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे मण्यांची माळ. अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेल्या 'बीड्स ऑफ करेज' या उपक्रमात प्रत्येक तपासणी, केमो आणि शस्त्रक्रियेसाठी मुलाला ठरावीक रंगाचा मणी मिळतो. मोठ्या मुलांसोबत हे सहज करता येते, मात्र मणी चुकवायचा नाही. माळ लांबत जाते आणि आपण काय काय सोसले ते मूल पाहुण्यांना बोटाने दाखवत सांगते.

किशोरवयीन मुलांना खडूंची पेटी देऊ नका. त्यांना ते लहान मुलांचे वाटते. आवाज ध्वनिमुद्रित करणे, गाण्याचे बोल लिहिणे, छायाचित्रे काढणे, चित्रकथा हे त्यांना जवळचे वाटते. वाद्ये न्यायची तर तोंडाने वाजवायची टाळा आणि बाकीची प्रत्येक मुलानंतर पुसा.

पायरी ८: अवघड प्रश्न आला तर

रंगवता रंगवता एखादे मूल विचारते, 'मी मरणार का?' तेव्हा 'असं बोलू नये' म्हणू नका आणि खोटा दिलासाही देऊ नका. हात थांबवा आणि विचारा, 'तुला असं का वाटलं?' जे सांगेल ते ऐका. मग म्हणा, 'याचं उत्तर माझ्यापेक्षा तुझे डॉक्टर आणि आई-बाबा चांगलं देऊ शकतील. आपण त्यांना सांगू या का, की तुला हे विचारायचं आहे?' त्याच दिवशी परिचारिकेला हे सांगा, उद्यावर टाकू नका.

मुलाने स्वतःला इजा करण्याबद्दल, किंवा कोणी त्रास दिल्याचे काही सांगितले, तर ते गुपित ठेवण्याचे वचन देऊ नये. गोपनीयतेच्या करारातही याला अपवाद असतो.

पायरी ९: आई-वडील आणि भावंडे

आई-वडिलांना बरेचदा मुलाचे चित्र 'नीट' करून द्यावेसे वाटते. त्यांना वेगळा कागद द्या. महिनोन्महिने फक्त औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या बापाला स्वतःचे काही रंगवताना मी पाहिले आहे; तो वेळ त्यालाही हवा असतो.

भावंडे या सगळ्यात मागे पडतात. त्यांना वॉर्डात प्रवेश नसेल, तर एकच चित्र दोन घडींत करा: अर्धे खाटेवर, अर्धे घरी. आधी झाकलेली बाजू न पाहता पुढची काढायची असते, त्यामुळे डोके एकाचे आणि पाय दुसऱ्याचे असा प्राणी तयार होतो. घरी जाणारा कागद पुसता येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात घालावा. घरून वॉर्डात येणाऱ्या कागदाबद्दल मात्र परिचारिकेला आधी विचारावे.

पायरी १०: आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातले मूल

बरे न होणाऱ्या आजारात आधार आणि काळजी देणारे जगातले पहिले मुलांचे केंद्र (हॉस्पिस), हेलन हाउस, १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे सुरू झाले. तेव्हापासून अशा ठिकाणी हाताचे ठसे, आवाजाचे मुद्रण, पत्रांची पेटी अशा आठवणी करून ठेवण्याची पद्धत रुळली आहे. हे कधी सुचवायचे ते वॉर्डातल्या माणसांना विचारूनच ठरवावे. आपणहून ठशाचा रंग काढला, तर कुटुंबाला त्याचा एकच अर्थ दिसतो. म्हणून मी हाताचे ठसे सगळ्याच मुलांचे घेते, पहिल्या महिन्यातच. ठसा घेताना रंग तळहाताला ब्रशने लावण्याऐवजी ओल्या स्पंजने टेकवावा; त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते आणि ब्रशचे केसही टोचतात.

पायरी ११: परतताना

साहित्य पुसा, मुलाची पेटी त्याच्याच कपाटात ठेवा आणि चित्र न्यायचे की भिंतीला लावायचे की फाडायचे, हे त्यालाच विचारा. कोणते चित्र कुठे राहिले याची तारखेसह वही ठेवा. पुढे कुटुंबे ती मागतात. दर महिन्याला सोबतच्या स्वयंसेवकांशी किंवा समुपदेशकांशी बोलण्याची वेळ राखून ठेवा. न बोलता काम करणारे बरेचजण सहा महिन्यांत येणे थांबवतात.

वॉर्डात शिरताना आधी परिचारिकांच्या टेबलाशी जा आणि आज कोण कोण आहे ते विचारा, थेट ओळखीच्या खाटेकडे चालत जाऊ नका. खाट रिकामी असण्याचे कारण घरी सोडणे असू शकते, दुसऱ्या विभागात हलवणे असू शकते, किंवा ते मूल गेलेले असू शकते. गेले असेल, तर त्याच्या पेटीतले अर्धवट चित्र पूर्ण करू नका आणि पेटी दुसऱ्या मुलाला देऊ नका. चित्र जसे आहे तसे, चुरगळू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घाला, मागे पेन्सिलने तारीख लिहा आणि ते कुटुंबाकडे कधी व कसे पोहोचवायचे हे परिचारिकेला विचारून ठरवा.